झारेकऱ्याची युक्ती: उंदराला सुई न टोचता अँटिबॉडी

आमच्या प्रयोगशाळेच्या महिन्याच्या खरेदीत दुधाची पावडर असायची. साय काढलेल्या दुधाची, अर्ध्या किलोचं पाकीट. हिशेब तपासणाऱ्या काकांनी ते बिल पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चष्म्यावरून बघत विचारलं, "चहाचा खर्च प्रकल्पात टाकता होय?" मी म्हटलं, काका, ही पावडर चहात जात नाही, नळीत जाते. "कशाला?" "नको ते चिकटू नये म्हणून." त्यांनी बिल पास केलं, पण चेहऱ्यावरून दिसत होतं की पटलेलं नाही. त्यांना तेव्हा नीट सांगायचं राहिलं, ते आता सांगते.

आम्ही एका प्रथिनावर नेमकी जाऊन बसणारी अँटिबॉडी शोधत होतो आणि त्यासाठी एकाही प्राण्याला सुई टोचली नव्हती. उंदीर नाही, ससा नाही, घोडा नाही. सगळी शोधाशोध चालली होती ती प्लॅस्टिकच्या एका नळीत, जिवाणूंना लागण करणाऱ्या विषाणूंच्या मदतीनं. हे ऐकून बहुतेकांना वाटतं की आम्ही अँटिबॉडी "बनवत" होतो. तसं नाही. आम्ही ती शोधत होतो, आणि हा फरक ध्यानात आला की पुढचं सगळं सोपं आहे.

आधी अँटिबॉडीबद्दल चार ओळी. पाठ्यपुस्तकात तिला प्रतिपिंड म्हणतात. आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा, दोन हात आणि एक दांडा. ती प्रथिनाच्या दोन प्रकारच्या साखळ्यांची बनते, जड आणि हलकी. प्रत्येक हाताच्या टोकाला सहा छोटी वेटोळी असतात, तीन जड साखळीची आणि तीन हलक्या साखळीची. ही सहा वेटोळी मिळून एक खोबण तयार होते. कुठल्या विषाणूच्या, विषाच्या किंवा प्रथिनाच्या कुठल्या कोपऱ्यावर अँटिबॉडी बसणार, ते ही खोबण ठरवते. बाकीचा रेणू साधारण सारखाच. आपल्या रक्तात अशा असंख्य प्रकारच्या अँटिबॉडींची मिसळ असते. त्यातला एकच प्रकार वेगळा काढून हव्या तेवढ्या प्रती केल्या की ती झाली मोनोक्लोनल. संधिवाताची महागडी इंजेक्शनं, कर्करोगाची कितीतरी नवी औषधं, घरी करायच्या गर्भचाचणीच्या पट्टीवरची गुलाबी रेघ, सगळीकडे हीच मंडळी काम करतात.

उंदराची पाणथरी

मोनोक्लोनल बनवायची पहिली खरी रीत १९७५ मध्ये केंब्रिजला सापडली. जॉर्जेस कोलर आणि सेझार मिलस्टाइन या दोघांनी ती काढली. उंदराला हवं ते प्रथिन काही आठवड्यांच्या अंतरानं टोचायचं. त्याच्या रक्तात अँटिबॉडी दिसू लागल्या की त्याला मारून पाणथरी, म्हणजे प्लीहा, काढायची, कारण अँटिबॉडी तयार करणाऱ्या बी-पेशी तिथे दाटीनं असतात. पण या पेशी बाहेर काढल्या की थोड्याच दिवसांत मरतात. म्हणून त्यांची गाठ घालायची कर्करोगाच्या पेशींशी, ज्यांना मरण ठाऊक नाही. दोन पेशींची एक होते. तिला अँटिबॉडीची कृती एका आईकडून मिळते आणि अमरपट्टा दुसरीकडून. या संकराला हायब्रिडोमा म्हणतात. दोघांना १९८४ चं नोबेल मिळालं आणि ते मिळायलाच हवं होतं. या शोधावर पेटंट घेतलं गेलं नाही, त्यामुळे तो जगभर वणव्यासारखा पसरला.

उंदराचा त्रास सुईपुरता नव्हता. मुबलक अँटिबॉडी हवी असेल तर हायब्रिडोमाच्या पेशी दुसऱ्या उंदराच्या पोटात सोडत. त्याचं पोट पाण्यानं टम्म फुगे आणि ते पाणी सुईनं काढून घेत. आपल्याकडे माणसाला झालं तर त्याला जलोदर म्हणतात. इथे तो मुद्दाम करायचा. आता बऱ्याच ठिकाणी ही रीत सुटली आहे, पेशी बाटलीतच वाढवतात.

उंदराची दया बाजूला ठेवली तरी अडचणी होत्या. उंदराची अँटिबॉडी माणसाला दिली की माणसाचं शरीर तिलाच परकी समजतं. १९८६ साली अमेरिकेत मंजूर झालेलं पहिलं मोनोक्लोनल औषध म्युरोमोनॅब याच प्रकारचं होतं, मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांसाठी. रुग्णांच्या शरीरात उंदराच्या अँटिबॉडीविरुद्ध अँटिबॉडी तयार व्हायच्या, मग औषधाचा उपयोग कमी व्हायचा. दुसरी अडचण अशी की उंदीर "मागाल ते" देत नाही. जहाल विष टोचलं तर अँटिबॉडी तयार व्हायच्या आधी तोच मरतो. आणि माणसाचं एखादं प्रथिन उंदराच्या प्रथिनाशी जवळपास तंतोतंत जुळत असेल, तर त्याचं शरीर म्हणतं, हे तर घरचंच, आणि गप्प बसतं.

शिंपी नव्हे, तयार कपड्यांचं दुकान

तर मग प्रश्न असा की उंदीर या सगळ्यात नेमकं काम काय करत होता?

आपल्याला वाटतं शरीर शिंप्यासारखं असेल. जंतू आला, माप घेतलं, अँटिबॉडी शिवली. प्रत्यक्षात शरीर म्हणजे तयार कपड्यांचं अवाढव्य दुकान आहे. गिऱ्हाईक येण्याच्या कितीतरी आधी रॅकवर कोट्यवधी मापांचे कपडे लटकलेले असतात. हे कसं होतं ते सुसुमु तोनेगावा यांनी दाखवलं, १९८७ चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. अँटिबॉडीचं अख्खं जनुक जन्मतः नसतंच, नुसते तुकडे असतात. जड साखळीसाठी पहिल्या प्रकारचे चाळीसेक, दुसऱ्याचे वीस-पंचवीस, तिसऱ्याचे सहा. प्रत्येक बी-पेशी तयार होताना पत्ते पिसावेत तसे हे तुकडे पिसते, एकेक उचलून जोडते आणि जोडावर आणखी चार अक्षरं मनानंच घालते किंवा काढते. म्हणून प्रत्येक पेशीची खोबण वेगळी.

मग जंतू येतो. ज्या पेशीची खोबण त्याला चिकटते तीच वाढते, तिच्या हजारो प्रती होतात. पुढे या प्रतींमध्ये बारीक बदल होत जातात आणि जास्त घट्ट बसणाऱ्या टिकतात. कपडा अल्टर करून घेतल्यासारखं.

म्हणजे उंदराकडे तीन कामं होती: भरपूर वैविध्य ठेवणं, त्यातून चिकटणारं निवडणं, आणि निवडलेलं अल्टर करणं. सुई टोचणं म्हणजे फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या कामाला सुरुवात करून देणं. पहिलं काम तर सुईशिवायच झालेलं असतं! तुमच्या-माझ्या रक्तात, या क्षणी, कधी न भेटलेल्या विषावर थोडीफार बसणारी खोबण कुठल्यातरी बी-पेशीच्या अंगावर असण्याची शक्यता बरीच आहे. प्रश्न तिला गाठायचा कसा एवढाच.

इथे बी-पेशीची एक खुबी लक्षात घ्या, सगळी मेख तीच आहे. प्रत्येक बी-पेशी आपली खोबण अंगावर मिरवते आणि त्या खोबणीची कृती, म्हणजे जनुक, पोटात बाळगते. नमुना बाहेर, कृती आत. म्हणून चिकटणारी पेशी सापडली की कृती आपोआप हाती येते. नुसतं अँटिबॉडीचं प्रथिन हातात आलं तर त्याच्यावरून कृती काढणं हे आंबट वरणाच्या चवीवरून आजीचं प्रमाण ओळखण्यासारखं आहे. जमतं कधीकधी, पण त्याच्यावर कारखाना चालत नाही.

तेव्हा उंदराशिवाय काम करायचं तर बी-पेशीचा एक डमी हवा. साधा, स्वस्त, रात्रीत वाढणारा. बाहेर नमुना आणि आत कृती असलेला.

डमी सापडला तो विषाणूत

जिवाणूंनाही विषाणूंची लागण होते. अशा विषाणूंना फाज म्हणतात. त्यातला एम१३ नावाचा फाज आपल्या पोटातल्या ई. कोलाय जातीच्या काही जिवाणूंवर जगतो. दिसायला शेवयीसारखा: लांबी साधारण ९०० नॅनोमीटर आणि जाडी जेमतेम सहा-सात. आत सुमारे ६,४०० अक्षरांचं जनुकीय गोल कडं, बाहेर एकाच प्रथिनाच्या अडीच-पावणेतीन हजार प्रतींचा खवलेदार अंगरखा, आणि एका टोकाला दुसऱ्या एका प्रथिनाचे पाच गोंडे. या गोंड्यांनीच तो जिवाणूला धरतो. स्वभावानं बरा आहे, जिवाणूला फोडून मारत नाही. आत राहतो, पिलावळ बाहेर सोडत राहतो. जिवाणू फक्त जरा रेंगाळत वाढतो.

अमेरिकेतल्या मिसूरी विद्यापीठाचे जॉर्ज स्मिथ या फाजशी खेळत होते. १९८५ साली त्यांनी गोंड्याच्या जनुकात दुसऱ्याच एका प्रथिनाच्या जनुकाचा तुकडा घुसवला. फाज जिवंत राहिला, आणि तो परका तुकडा गोंड्यावर मिरवू लागला. मग स्मिथनी त्या तुकड्याला चिकटणारी अँटिबॉडी वापरून साध्या फाजांच्या गर्दीतून नेमका तो फाज ओढून काढला. म्हणजे सुरुवातीला अँटिबॉडी गळ होती आणि फाज मासा. केंब्रिजच्या मंडळींनी हे उलटं केलं. ग्रेगरी विंटर, जॉन मॅककॅफर्टी आणि सहकाऱ्यांनी १९९० साली अँटिबॉडीची खोबणच फाजच्या गोंड्यावर चढवली. आता फाज बी-पेशीची नक्कल करत होता: टोकाला खोबण, पोटात तिचं जनुक. दहा लाखांत एक या प्रमाणात मिसळलेला योग्य फाज त्यांनी निवडीच्या दोन फेऱ्यांत वेगळा काढून दाखवला. २०१८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा स्मिथ आणि विंटर यांना मिळाला, उरलेला अर्धा फ्रान्सिस अरनॉल्ड यांना.

पूर्ण अँटिबॉडी या शेवयीला पेलत नाही. ती जवळपास १,३०० अमिनो आम्लांची. म्हणून फक्त खोबणीचा भाग घेतात: जड साखळीचं टोक, हलक्या साखळीचं टोक, आणि दोन्हींना बांधणारा पंधरा अमिनो आम्लांचा लवचिक दोरा. सगळं मिळून अडीचशेच्या आसपास.

वैविध्य कुठून आणायचं? माणसाच्या रक्तातून. कुठलीही खास लस न घेतलेल्या लोकांचं रक्त घ्यायचं, त्यातल्या बी-पेशींमधून अँटिबॉडीची सगळी जनुकं पीसीआरनं वाढवायची. हो, कोविडच्या नमुन्यासाठी नाकात काडी घातल्यावर पुढे व्हायचं तेच पीसीआर. मग जड आणि हलक्या तुकड्यांच्या जोड्या लावायच्या आणि फाजमध्ये घालायच्या. मूळ पेशीतल्या जोड्या यात मोडतात, कोणाचा उजवा बूट कोणाच्या डाव्याला लागतो, पण त्यातून नव्या जोड्याही मिळतात. विंटर यांच्या गटानं १९९१ मध्ये लसीकरणाला वळसा घालून मानवी अँटिबॉडी मिळवल्या. १९९६ साली केंब्रिजच्याच एका कंपनीनं ४३ लोकांच्या नमुन्यांतून सुमारे १,४०० कोटी वेगवेगळ्या खोबणींची लायब्ररी बनवली. पुढे काहींनी रक्तही सोडलं आणि वेटोळ्यांची जनुकं यंत्रावर अक्षर-अक्षर जोडून लायब्ररी केल्या. आणि ही लायब्ररी दिसायला कशी? फ्रीझरमधली एक कुपी, करंगळीच्या पेरापेक्षा थोडी मोठी. आत गढूळ पाणी.

नळीतले चार दिवस

सराफकट्ट्यावर पूर्वी झारेकरी दिसायचे, अजूनही कुठे कुठे दिसतात. सोनारांच्या दुकानासमोरची धूळ, गटारातला गाळ गोळा करायचा, पाटीत घालून पाण्यानं पुन्हा पुन्हा धुवायचा. हलकं वाहून जातं, जड सोनं तळाशी राहतं. फाजच्या निवडीला आमच्या धंद्यात जे नाव आहे त्याचा अर्थही हाच, पाटीत गाळ खळबळवून सोनं वेगळं करणं.

पहिल्या संध्याकाळी आपलं प्रथिन, ज्यावर अँटिबॉडी हवी ते, प्लॅस्टिकच्या नळीत घालून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचं. सकाळपर्यंत ते नळीच्या भिंतीला चिकटून बसतं. पण भिंतीवर मोकळ्या जागा राहतातच, आणि फाज कशालाही चिकटतो. तिथे ती दुधाची पावडर येते, काका! दोन-चार टक्क्यांचं दूध नळीत ओतून तासभर ठेवलं की दुधातली प्रथिनं त्या मोकळ्या जागा भरून टाकतात. बसमध्ये रुमाल टाकून सीट धरावी तसं. मग लायब्ररीतले फाज ओतायचे, मिलिलिटरभर पाण्यात एक लाख कोटी. तास-दोन तास हलवत ठेवायचं. मग ओतून टाकायचं आणि धुवायचं. पहिल्या फेरीत दहा वेळा, हलक्या हातानं, कारण चांगल्या खोबणीचे फाज अजून मोजकेच आहेत आणि ते गेले तर गेलेच. पुढच्या फेरीत वीस वेळा, पाण्यात साबणासारखं थोडं द्रव्य घालून. मनगट दुखतं.

धुऊन उरलेले फाज थोड्या आम्लानं किंवा प्रथिन कापणाऱ्या ट्रिप्सिननं भिंतीपासून सोडवायचे आणि ताज्या ई. कोलायमध्ये सोडायचे. हे जिवाणू ३७ अंशांवर वाढलेले आणि अगदी भरात असावे लागतात. थंडीत वाढले तर त्यांच्या अंगावर तो केस उगवत नाही ज्याला फाज धरतो. नवशिक्यांची निम्मी रडारड इथेच होते. अर्धा तास न हलवता ठेवायचं, मग त्यांना रात्रभर वाढू द्यायचं. सकाळी तेच फाज लाखो प्रतींत हजर. यांच्यासकट पुन्हा नव्या नळीत. अशा तीन फेऱ्या, फार तर चार.

आपलं बरं चाललंय का ते बशीत मोजता येतं. पहिल्या फेरीत लाख कोटी घातले तर हाती लागतात लाखभर. दुसऱ्या फेरीतही फारसा फरक नाही. तिसरीनंतर एखाद्या सकाळी बशी उघडावी तर जिवाणूंच्या वसाहती, म्हणजे एकेका जिवाणूपासून वाढलेले ठिपके, शंभरपट. हा आकडा पाहिला की लॅबमध्ये कुणीतरी हमखास सामोसे मागवतं.

शेवटी एकेक वसाहत दाताच्या काडीनं उचलून ९६ खळग्यांच्या पाटीत वेगवेगळी वाढवायची आणि प्रत्येकीची परीक्षा घ्यायची. योग्य खोबण असेल त्या खळग्यातलं पाणी निळं होतं, आम्ल टाकलं की पिवळं. ती पाटी उजेडासमोर धरून किती खळगे रंगले ते मोजण्यात एक पोरकट आनंद आहे, तो इतक्या वर्षांनीही गेलेला नाही.

आणि मग दूधच निघालं

माझ्या पहिल्या स्वतंत्र प्रयोगात ९६ पैकी ७० खळगे पिवळेधमक झाले. मी सामोसे आधीच मागवले होते. आमच्या सर मंडळींपैकी एकांनी शांतपणे विचारलं, "नुसत्या दुधाच्या खळग्यात काय आलं?" ती पाटी मी लावलीच नव्हती. लावली. तीही पिवळीधमक. तीन आठवडे खपून मी दुधाच्या प्रथिनाला चिकटणारी उत्तम मानवी अँटिबॉडी शोधली होती. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

हा अपघात विरळा नाही. या पद्धतीत तुम्ही ज्याची निवड करता तेच मिळतं, तुमच्या मनात काय होतं त्याच्याशी तिला देणंघेणं नसतं. प्लॅस्टिकवर निवड केली तर प्लॅस्टिकला चिकटणारे मिळतात. इलाजही तसाच सरळ: लायब्ररी आधी नुसत्या दुधाच्या नळीत फिरवायची, तिथे चिकटतील ते फेकायचे, उरलेले खऱ्या नळीत न्यायचे. एका फेरीत दूध, दुसऱ्या फेरीत दुसरंच प्रथिन वापरायचं.

पण याच हट्टीपणात या पद्धतीची खरी ताकद आहे असं माझं मत आहे. उंदराच्या शरीरात निवडीच्या अटी आपल्या हातात नसतात. नळीत असतात. "या प्रथिनाला चिकट, पण त्याच्या सख्ख्या भावाला नको" असं सांगता येतं. आम्लता, तापमान, मीठ ठरवता येतं. जहाल विष वापरता येतं, कारण फाजला विषबाधा होत नाही. घरचं-परकं हा भेद त्याला नाहीच.

सुई गेली, पण उंदीर पुरता गेला का?

इथे उत्साही लेख जरा घाई करतात. फाजमधून निघालेली खोबण बहुतेकदा पहिल्या फटक्यात पुरेशी घट्ट नसते. रॅकवरचा कपडा खांद्यात सैल असतो. म्हणून अल्टर करण्याचं कामही नळीतच करावं लागतं: जनुकात मुद्दाम चुका पाडायच्या, हलक्या साखळ्या बदलून बघायच्या, आणि अधिक कडक धुण्यात जे टिकतील ते ठेवायचे. मग ती खोबण पूर्ण वायच्या आकाराच्या अँटिबॉडीत बसवून सस्तन प्राण्यांच्या पेशींत तयार करायची. या कामाचा घोडा म्हणजे चिनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या बीजकोशातून १९५७ साली काढलेल्या पेशी. त्या आजवर टाक्यांमध्ये वाढतायत. नवा हॅमस्टर लागत नाही, पण मूळ कोणाचं तेही विसरू नये.

या वाटेनं आलेलं सगळ्यात गाजलेलं औषध अडॅलिम्युमॅब, म्हणजे ह्युमिरा. संधिवातावर ते अमेरिकेत २००२ च्या शेवटच्या दिवशी मंजूर झालं आणि पुढे अनेक वर्षं जगातलं सर्वाधिक खपाचं औषध राहिलं. त्याची पहिली बायोसिमिलर प्रत २०१४ मध्ये आपल्या देशात, अहमदाबादच्या झायडसनं आणली. ह्युमिराला "पहिली पूर्ण मानवी अँटिबॉडी" म्हणतात, आणि रेणू मानवीच आहे. पण शोधताना वाटाड्या उंदराची अँटिबॉडी होती: आधी तिची एक साखळी बदलून मानवी बसवली, मग दुसरी. घर नवं, पण आराखडा जुन्या घरावरून. त्या मानानं ल्युपसवरचं (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार) बेलिम्युमॅब हे २०११ चं औषध खरोखर लस न टोचलेल्या माणसांच्या फाज लायब्ररीतून आलं, आणि त्या आजारावर पन्नासहून अधिक वर्षांनी मंजूर झालेलं ते पहिलं नवं औषध.

उलट उदाहरण घरचंच घ्या. कुत्रा चावल्यावर जखमेत द्यायची पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची रेबीजविरोधी मोनोक्लोनल अँटिबॉडी मानवी आहे, पण ती मिळाली मानवी अँटिबॉडीची जनुकं बसवलेल्या उंदरांना लस टोचून. म्हणजे "मानवी" या शब्दाचा अर्थ "प्राण्याविना" असा होत नाही. बाटलीवर वाचताना लोकांची इथे हमखास गल्लत होते.

२०२० मध्ये युरोपीय आयोगाच्या पर्यायी चाचण्यांच्या केंद्रानं स्पष्ट शिफारस केली की अँटिबॉडी शोधायला आणि बनवायला प्राणी वापरणं थांबवा. लगेच आक्षेपाची पत्रंही आली: हायब्रिडोमाची जागा घ्यायला हे तंत्र अजून तयार नाही, उंदराचं शरीर घट्ट बसणारी आणि टिकाऊ अँटिबॉडी निवडायला अजूनही भारी आहे. मला दोन्ही बाजूंचं थोडं थोडं पटतं. औषधाच्या बाबतीत शरीरानं केलेली पारख वाया घालवू नये हे खरं. पण रोजच्या प्रयोगांसाठी कॅटलॉगमधून मागवायच्या अँटिबॉडींसाठी उंदीर किंवा ससा मारायला सवयीपलीकडे फारसं कारण उरलेलं नाही. शिवाय फाजमधून आलेल्या अँटिबॉडीचा क्रम अक्षर-अक्षर माहीत असतो. कुपी फुटली, फ्रीझर बंद पडला, तरी क्रम कागदावर असतो आणि तीच अँटिबॉडी पुन्हा करता येते. सशाच्या रक्ताची बाटली संपली की संपली. पुढचा ससा वेगळा, त्याची अँटिबॉडी वेगळी, आणि तुमचा गेल्या वर्षीचा प्रयोग या वर्षी जमत नाही.

घोड्याची गोष्ट

माझ्या दृष्टीनं आपल्याकडे या विद्येची खरी कसोटी संधिवातावर नाही, सापावर आहे. भारतात सर्पदंशानं वर्षाला सरासरी ५८,००० माणसं मरतात असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला, बहुतेक खेड्यापाड्यातली. यावरचा उपाय सव्वाशे वर्षं एकच आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांचं विष थोडं थोडं करून घोड्यांना टोचायचं आणि त्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडी काढून बाटलीत भरायच्या. मुंबईच्या हाफकिननं हे काम पिढ्यान्‌पिढ्या केलं. गावात तिला "सापाची लस" म्हणतात. ती लस नाही, दुसऱ्यानं तयार केलेली उसनी अँटिबॉडी आहे. तिनं अगणित जीव वाचवलेत. पण त्या बाटलीतल्या अँटिबॉडींपैकी मोजक्याच विषाच्या कामाच्या, बाकीच्या घोड्यानं आयुष्यात पाहिलेल्या इतर सगळ्या जंतूंवरच्या. म्हणून बाटल्यांवर बाटल्या चढवाव्या लागतात, आणि घोड्याची प्रथिनं अंगावर येऊन रुग्णाला थंडी, पुरळ, कधी जिवावर बेतणारी ॲलर्जीही होते.

२०२४ च्या फेब्रुवारीत बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या कार्तिक सुनगर यांच्या गटानं अमेरिकेच्या स्क्रिप्स संस्थेबरोबर एक काम प्रसिद्ध केलं. नाग-मण्यारांच्या कुळातल्या सापांच्या विषात स्नायू लुळे पाडणारं एक प्रथिन असतं, प्रत्येक जातीचं थोडं वेगळं. त्यांनी कृत्रिम मानवी अँटिबॉडीची लायब्ररी यीस्टच्या अंगावर चढवली, फाजऐवजी यीस्ट एवढाच फरक, आणि वेगवेगळ्या सापांच्या त्या प्रथिनांवर आळीपाळीनं चाळत सगळ्यांना चिकटणारी खोबण शोधली. तिचं नाव ९५मॅट५. तिची रचना पाहिल्यावर कळलं की आपल्या स्नायूंवरच्या ज्या जागेला विष जाऊन चिकटतं, त्याच जागेची ती नक्कल करते. विषाला वाटतं स्नायू सापडला, आणि ते अँटिबॉडीत अडकतं. हे कुणी योजून केलेलं नव्हतं, धुतल्यावर उरलेल्यांत ते होतं.

ही अँटिबॉडी मिळवायला एकाही प्राण्याला विष टोचलं नव्हतं. पण ती चालते का हे पाहायला शेवटी उंदरांनाच टोचावं लागलं: पूर्वेकडच्या एका मण्यारीचं शुद्ध विषद्रव्य, एकचष्मा नागाचं विष, आफ्रिकेतल्या ब्लॅक माम्बाचं विष. अँटिबॉडी दिलेले उंदीर वाचले.

घोणस आणि फुरशापुढे मात्र ९५मॅट५ चा काही उपयोग नाही, त्यांचं विष रक्तावर आणि पेशींवर चालतं. त्यातल्या प्रत्येक मुख्य द्रव्यासाठी वेगळी खोबण शोधायची, मग चार-सहा अँटिबॉडींचं मिश्रण करायचं, आणि ते ग्रामीण रुग्णालयाला परवडेल अशा किमतीत टाकीत पिकवायचं, एवढं काम बाकी आहे. तोवर रात्री भाताच्या खाचरातून उचलून आणलेल्या माणसासाठी तिथल्या फ्रीजमध्ये घोड्याचीच बाटली असणार आहे.